होशरुबा घरात वाचताना

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरी इशाच्या नमाजनंतर अर्धा-पाऊण तास एक पुस्तक वाचले जाते. पुस्तक उर्दू आहे. नाव ‘तिलिस्म-ए-होशरुबा’. होश उडवून नेणारा तिलिस्म, असा त्याचा अर्थ. आमची मुले मराठी माध्यमात शिकतात. कुरआन शरीफ ती नाजरा वाचतात, पण उर्दूतले लांबलचक गद्य त्यांना जड जाते. म्हणून आम्ही पान उर्दूतून वाचतो आणि मराठीतून सांगतो. ऐकायला नववीतली मुलगी, सहावीतला मुलगा आणि त्यांची दादी. शाळेत आम्ही उर्दू आणि मराठी हेच दोन विषय शिकवतो, त्यामुळे हे काम आम्हाला जमते आणि आवडतेही.

ही बातमी नात्यात पसरल्यावर कौतुक झाले तशी नाराजीही झाली. चंद्रपूरहून आलेल्या मुलांच्या मामूंनी तर स्पष्टच विचारले, “घरात चांगल्या किताबांची कमी आहे का? जादूगार, खून, राक्षस, हे मुलांच्या कानावर कशाला घालता?” प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता. अनेक घरांत तो विचारला जात असेल. मुलांच्या हातात आज मोबाइल आहे, त्यात यापेक्षा भयंकर गोष्टी दिसतात, एवढे उत्तर देऊन वेळ मारून नेता आली असती. पण तो प्रश्न नीट उत्तर देण्याच्या लायकीचा आहे, म्हणून हे लिहीत आहोत.

आधी पुस्तकाविषयी. अमीर हमजाची दास्तान शेकडो वर्षे तोंडी सांगितली गेली. अकबर बादशहाला ती इतकी प्रिय होती की त्याने तिची सुमारे चौदाशे मोठी चित्रे काढून घेतली. त्या कामाला पंधरा वर्षांच्या आसपास लागली. चित्राच्या मागच्या बाजूला मजकूर लिहिलेला असे. पुढे एकोणिसाव्या शतकात लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्याने दास्तान सांगणाऱ्यांकडूनच ती लिहून घेऊन छापायला सुरुवात केली. सगळे मिळून ४६ खंड झाले. त्यातला सर्वांत गाजलेला भाग म्हणजे ‘तिलिस्म-ए-होशरुबा’. त्याचे पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिले, त्यातला पहिला १८८३ साली आला. पुढचे खंड अहमद हुसैन कमर यांनी पूर्ण केले. एकट्या होशरुबाचीच पाने आठ हजारांच्या घरात जातात. एक सामान्य माणूस ते सगळे कधी वाचणार? आम्हीही निवडक भागच घेतो.

दिल्लीचे शेवटचे मोठे दास्तानगो मीर बाकर अली १९२८ साली वारले आणि ही कला जवळजवळ संपली. उर्दूचे मोठे समीक्षक शम्सुर्रहमान फारुकी यांनी आयुष्याची कित्येक वर्षे खर्चून हे विखुरलेले खंड जमवले, त्यांवर लिहिले. त्यांच्याच प्रेरणेने २००५ साली त्यांचे पुतणे महमूद फारुकी यांनी दिल्लीत दास्तानगोई पुन्हा मंचावर आणली. आज तरुण मुले तिकीट काढून ती ऐकायला जातात. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीची ही दौलत पुरती बुडाली नाही, एवढे समाधान आहे.

आता आतली दुनिया. अमीर हमजाचा एक मुलगा, शहजादा बदीउज्जमान, शिकारीत एका हरणाच्या पाडसामागे जातो. ते पाडस जादूचे असते. त्याचा पाठलाग करता करता तो अदृश्य सीमा ओलांडून होशरुबात शिरतो आणि कैद होतो. त्याला सोडवायला आणि हा तिलिस्म तोडायला हमजाचा नातू असद निघतो. त्याच्या मागोमाग अमर अय्यार आणि त्याचे साथीदार. होशरुबाचा बादशहा आहे अफ्रासियाब. त्याच्या राज्याचे तीन भाग आहेत. जाहिर म्हणजे दिसणारा, बातिन म्हणजे लपलेला आणि जुलमात म्हणजे निव्वळ काळोखाचा. जाहिर आणि बातिन यांच्यामध्ये रक्ताची नदी वाहते. तिच्यावर धुराचा पूल आहे, पुलावर धुराचेच दोन सिंह पहारा देतात. पुलावर तीन मजली मनोरा. खालच्या मजल्यावर पऱ्या तुताऱ्या ओठांना लावून उभ्या. मधल्या मजल्यावरच्या पऱ्या नदीतल्या माशांना मोती टाकतात. आणि सर्वांत वर दोन रांगांत उभे असलेले धिप्पाड हबशी सतत एकमेकांवर तलवारी चालवतात. त्यांच्या जखमांतून गळणाऱ्या रक्तानेच ती नदी भरलेली आहे.

हे वाचले त्या रात्री मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ते मरत का नाहीत? कायम लढतच राहतात?” आम्हाला उत्तर देता आले नाही, आणि द्यायची घाईही केली नाही. खालच्या मजल्यावर सजावट, मधल्या मजल्यावर मोती आणि वर न संपणारी कत्तल, हे सगळे एकाच मनोऱ्यात. जुलमी राज्याचे यापेक्षा नेमके चित्र आम्ही नागरिकशास्त्राच्या पुस्तकात पाहिलेले नाही. जे लोक मोती टाकण्याच्या मजल्यावर राहतात त्यांना वरचा मजला दिसत नाही, हे मुलगी त्याच रात्री बोलून गेली.

अस्वस्थ करणाऱ्या जागा पुष्कळ आहेत. बोलता बोलता आकाशातून एक पंजा येतो आणि माणसाला उचलून नेतो. जादूगार मेला की अंधार दाटतो, वादळ सुटते, आगीचा आणि दगडांचा पाऊस पडतो आणि त्या काळोखातून एक आवाज मेलेल्याचे नाव सांगतो. शत्रू मेल्याचा आनंद होण्याआधी त्याचे नाव ऐकावे लागते. राणी हैरतची बहीण बहार हिची जादू तर फुलांची आहे. तिने फुले उधळली की समोरचे सैन्य तिच्या प्रेमात वेडे होते आणि स्वतःच्याच हाताने स्वतःचा नाश करून घेते. दादींना ही बहार फार आवडली. “अशा बायका आमच्या वेळीही होत्या,” एवढेच त्या बोलल्या. पुढे सांगितले नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना अंधार नवा नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. आमचे गाव या दोन जिल्ह्यांच्या मधल्या रस्त्यावर आहे. सागाचे आणि बांबूचे जंगल गावाच्या शेवटच्या घरापासून हाकेच्या अंतरावर सुरू होते. उन्हाळ्यात मोहफुले वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला पहाटे गेलेल्या माणसांवर वाघाने हल्ला केल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. आमच्या शाळेतली मुले ‘वाघ’ हा शब्द चित्रातून शिकत नाहीत. संध्याकाळी कोणत्या वाटेने यायचे नाही, हे त्यांना पहिलीच्या आधीपासून माहीत असते. अशा मुलांना केवळ गोडगोड गोष्टी सांगितल्या तर त्या त्यांना खोट्या वाटतात. भीती आहे, हे मान्य करणारी आणि तरीही पुढे जाणारी गोष्ट त्यांना लवकर पटते.

आणि अद्भुतही त्यांना परके नाही. चंद्रपूर शहराच्या स्थापनेची कथा आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. अंगभर गाठी झालेला गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह शिकारीला गेला, झरपटच्या पाण्याने त्याची व्याधी गेली. मग एकदा त्याने पाहिले की एक ससा कुत्र्याच्या मागे लागला आहे. सशाच्या कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका. राणीच्या सल्ल्याने त्या सशाच्या वाटेवरूनच कोटाची रेषा आखली गेली, असे सांगतात. जटपुरा दरवाजावरून जाताना भिंतीवर कोरलेला, हत्तीला पायाखाली घेतलेला तो विचित्र सिंह मुलांनी अनेकदा पाहिला आहे. धुराच्या सिंहांचे वर्णन आले तेव्हा मुलगा लगेच म्हणाला, “जटपुऱ्यासारखे?” होशरुबा लखनौत छापली गेली खरी, पण आमच्या घरात ती चंद्रपूरच्या कोटाला टेकूनच उभी राहिली.

आता मामूंच्या आक्षेपांकडे. तीन आक्षेप होते. पहिला, हजरत हमजा (रजि.) हे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चुलते, उहुदच्या लढाईत शहीद झालेले. त्यांच्या नावाने अशा कल्पित कथा का? आक्षेप रास्त आहे. म्हणून वाचन सुरू करण्याआधी आम्ही एक संध्याकाळ फक्त हजरत हमजांच्या खऱ्या जीवनासाठी ठेवली. उहुद कुठे आहे, हिजरी ३ मध्ये तिथे काय झाले, त्यांच्या शहादतीने प्रेषितांना किती दुःख झाले, हे मुलांनी आधी ऐकले. मग सांगितले की दास्तानमधला अमीर हमजा हा गोष्ट सांगणाऱ्यांनी घडवलेला वीर आहे. नाव घेतले आहे, चरित्र नाही. इतिहास आणि गोष्ट यांतली ही रेषा मुलांना समजते. उलट ती न समजल्यामुळे मोठी माणसे मोबाइलवर आलेला कुठलाही मजकूर इतिहास म्हणून पुढे पाठवतात.

दुसरा आक्षेप जादूचा. जादू आपल्या दीनमध्ये हराम आहे, यात शंका नाही. पण दास्तान जादूचा गौरव करते का? होशरुबातले जादूगार सामरीला आणि जमशेदला पूजतात. सामरी म्हणजे तोच, ज्याने हजरत मूसा (अलै.) तूर पर्वतावर गेले असताना लोकांसमोर सोन्याचे वासरू उभे केले. सूरह ताहामध्ये त्याची हकीकत आहे. त्याच सूरहमध्ये फिरऔनच्या जादूगारांच्या दोऱ्या आणि काठ्या पळत असल्याचा भास होतो आणि सत्यापुढे तो भास टिकत नाही. दास्तान लिहिणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना हे सगळे पाठ होते. त्यामुळे सामरीचे नाव आले की जुन्या श्रोत्याला कळायचे की हा सगळा थाट वासराचाच आहे. वर सोने, आत पोकळ. आमच्या मुलीने सूरह ताहाचा तर्जुमा यंदा स्वतःहून काढून वाचला, तो याच सामरीमुळे.

तिसरा आक्षेप, मुलांच्या मनावर वाईट परिणाम होईल. याचे उत्तर आम्हाला पुस्तकाने नाही, घरात घडलेल्या एका प्रसंगाने दिले.

आमच्या नात्यातल्या एका घरी नवी सून आली होती. वर्षभरात तिला झटके येऊ लागले. डोळे फिरायचे, दातखीळ बसायची, अंग ताठ व्हायचे. घरचे घाबरले. कुणीतरी एका आमिलाचे नाव सुचवले. त्याने पाणी फुंकून दिले, तावीज दिला, पैसे घेतले आणि जाता जाता सांगितले की हे घरातल्याच कुणाचे तरी काम आहे, करणी केलेली आहे, आणि करणारी बाई एकटी आहे. नाव घेतले नाही. घ्यायची गरजही नव्हती. त्या घरात एकटी बाई एकच. घरधन्याची विधवा बहीण, सगळ्यांची फुफी. मूलबाळ नाही, मागच्या खोलीत राहतात, शिवणाचे मशीन चालवून स्वतःपुरते मिळवतात.

दोन आठवड्यांत त्या घराचे रूप बदलले. फुफींच्या हातचा चहा कुणी घेईना. त्यांच्या खोलीसमोर लिंबू सापडले, ते कुणी टाकले कळले नाही, पण बोट त्यांच्याकडेच. मोहल्ल्यातल्या बायका त्यांच्याकडे कपडे शिवायला टाकेनात. एक दिवस घरातल्याच एका तरुण पोराने त्यांना उंबऱ्यावर अडवून हात उगारला. हे आम्हाला कळले तेव्हा आमच्या ओसरीवर ही चर्चा चालली होती. आलेले पाहुणे हळू आवाजात सांगत होते, कसे रात्री आवाज येतात, कसे फुफी रात्री जागतात. मुलगी कोपऱ्यात बसून ऐकत होती. मोठ्यांच्या बोलण्यात ती कधी तोंड घालत नाही. त्या दिवशी तिने घातले.

“फुफींना जादू येत असती,” ती म्हणाली, “तर त्या रेशनच्या रांगेत दोन तास उभ्या राहिल्या असत्या का?”

पाहुणे चिडले. ते स्वाभाविक होते. पण ती थांबली नाही. होशरुबात जादूगार म्हणजे बादशहा, त्याच्याकडे महाल आहेत, फौजा आहेत, तो आपले नाव मोठ्याने सांगतो. “आपल्याकडे ज्याला जादूगार म्हणतात तो नेहमी गरीबच कसा? म्हातारी बाईच कशी?” एवढे बोलून ती उठून आत गेली.

आम्ही शिक्षक आहोत. अंधश्रद्धेवर शाळेत भाषणे केली आहेत, निबंध लिहून घेतले आहेत. पण हा प्रश्न इतक्या सरळ शब्दांत आम्हालाही कधी सुचला नव्हता. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात, वणी खुर्द गावात, भानामतीच्या संशयावरून सात जणांना बांधून मारहाण झाली. मार खाणारे दलित होते, त्यांत वयस्कर स्त्री-पुरुष होते. ती बातमी वाचून आम्ही हळहळलो होतो आणि ते दूर डोंगरातल्या कुणाचे तरी दुःख आहे असे मानून पेपर घडी करून ठेवला होता. मोहल्ला वेगळा, शब्द वेगळे. तिकडे भानामती म्हणतात, मांत्रिक म्हणतात. आपल्याकडे असर म्हणतात, आमिल म्हणतात. पण अडवली जाणारी व्यक्ती तीच. जिच्या बाजूने उभे राहायला कुणी नाही ती.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या घरी गेलो. भांडायला नाही. सुनेच्या माहेरच्या माणसांना बरोबर घेतले आणि तिला जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरांकडे नेले. तपासण्या झाल्या. मिरगी निघाली. गोळ्या रोज, न चुकता, बरीच वर्षे घ्याव्या लागतील, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. गोळ्या सुरू झाल्यावर झटके कमी झाले, पुरते थांबायला वेळ लागला. घरधन्याला आम्ही शांतपणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची माहिती दिली. करणी केल्याचा आरोप करून एखाद्याला छळणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तक्रार आमिलाविरुद्धही होऊ शकते आणि हात उगारणाऱ्याविरुद्धही. हे त्यांना माहीत नव्हते. फार थोड्यांना माहीत असते.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. पोराने माफी मागितली नाही. आमिलाला दिलेले पैसे कुणी परत मागितले नाहीत. काही बायका आजही फुफींना पाहून पदर सावरतात. गोळ्यांनी मिरगी आटोक्यात येते, संशयावर तशी गोळी नाही. फुफी काही दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे राहायला आल्या. शिवणाचे मशीनही आणले. त्याला आता पाच महिने होत आले.

म्हणून मामूंना आमचे उत्तर असे की अंधाराची गोष्ट ऐकल्याने मूल अंधारावर विश्वास ठेवू लागते, हे आम्हाला दिसले नाही. दिसले ते उलट. होशरुबात शंभर रात्री राहून आलेल्या मुलीला जादू कशी दिसते, कशी बोलते, कुठे राहते हे पक्के ठाऊक झाले आहे. जादूची जागा पुस्तकात आहे. म्हणूनच मागच्या खोलीतल्या शिवणाच्या मशीनवर कुणी जादूचे नाव चिकटवले तेव्हा तिला ते विजोड दिसले. ज्यांनी अशी गोष्ट कधी गोष्ट म्हणून ऐकली नाही, त्यांच्या मनातली भीती मोकळी हिंडत राहते आणि सापडेल त्या गरिबाच्या अंगावर जाऊन बसते.

आणखी एक. तिलिस्म कितीही भयंकर असला तरी तो कुणीतरी बांधलेला असतो, असे दास्तान पुनःपुन्हा सांगते. बांधणाऱ्यानेच त्याची लौह, म्हणजे तो तोडण्याची पाटी, कुठेतरी ठेवलेली असते. ती शोधायची, त्यावर लिहिलेले नीट वाचायचे, आणि त्याप्रमाणे वागायचे. वाचता येणारा माणूसच तिलिस्म तोडतो. आणि जादूगारांना सर्वांत जास्त धाक वाटतो तो अमर अय्यारचा, जो स्वतः जादूगार नाही. त्याच्याकडे जंबील नावाची अद्भुत झोळी आहे, हे खरे, पण त्याचे खरे बळ म्हणजे वेषांतर, चलाखी आणि समोरच्याचा लोभ ओळखण्याची नजर. आमच्या मुलाला असद फारसा आवडत नाही, अमर आवडतो. शिक्षक म्हणून आम्हाला त्याची चिंता वाटायला हवी, पण वाटत नाही.

पुस्तकात सगळेच चांगले आहे असेही नाही, आणि ते मुलांपासून लपवू नये. दास्तानमध्ये आपले आणि परके अशी सरळ फाळणी आहे. हरलेल्या जादूगाराने दीन स्वीकारला तर तो वाचतो, नाही तर मारला जातो. ते पान आले की आम्ही पुस्तक मिटतो आणि बोलतो. दीनमध्ये जबरदस्ती नाही, हे कुरआनने सूरह बकरामध्ये सांगितले आहे. मग हे कसे? मुलगी म्हणाली, लिहिणाऱ्याला आपली बाजू जिंकलेली दाखवायची घाई झाली असेल. मनोऱ्यावर लढणारे हबशीच का, हाही प्रश्न निघाला. हजरत बिलाल (रजि.) हबशी होते, हे मुलाने आठवण करून दिले. पुस्तक आवडते म्हणून त्यातले सगळे मान्य करायचे नसते, हे मुले एवढ्या लवकर शिकली तर पुढे भाषणांतून आणि प्रचारातून वाट काढणे त्यांना सोपे जाईल.

आणि उर्दू. ऐंशी-नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना दूरदर्शनवरची ‘चंद्रकांता’ मालिका आठवत असेल. ती ज्या कादंबरीवरून घेतली त्या देवकीनंदन खत्री यांचा बनारसजवळच्या जंगलांत ठेक्याचा व्यवसाय होता. तिथल्या ओसाड गढ्या आणि भुयारे पाहून त्यांना तिलिस्म सुचले, असे म्हणतात. त्यांच्या त्या गोष्टी वाचता याव्यात म्हणून उर्दू जाणणाऱ्या कितीतरी लोकांनी त्या काळी नागरी लिपी शिकून घेतली, हेही प्रसिद्ध आहे. आमच्या घरात त्याच्या उलट झाले. परीक्षेच्या दिवसांत वाचन आठवडाभर बंद होते. गोष्ट नेमकी अशा जागी थांबली होती की मुलीला राहवेना. चौथ्या दिवशी ती पुस्तक घेऊन बसलेली दिसली, अक्षराखाली बोट ठेवून, ओठ हलवत. तीन दिवसांत तिने दीड पान वाचले होते. आम्ही वर्षभर ‘उर्दू शीक, आपली जबान आहे’ म्हणून जे सांगत होतो ते अफ्रासियाबने तीन दिवसांत करून दाखवले.

ज्यांना घरी असे काही सुरू करायचे असेल त्यांच्यासाठी थोडे अनुभवाचे. मूळ खंड अवघड आहेत, त्यांत फारसी शब्दांची गर्दी आहे. मुलांसाठी केलेल्या सोप्या आणि छोट्या आवृत्तीपासून सुरुवात करावी. उर्दू येत नसेल तर घरातल्या बुजुर्गांना विचारावे. जुन्या दास्तानचे तुकडे त्यांना आठवत असतात. आठ वर्षांखालच्या मुलांना रक्ताच्या नदीपाशी नेऊ नये. भीतिदायक भाग वाचल्यावर लगेच दिवा मालवून मुलांना झोपायला पाठवू नये, दहा मिनिटे इकडचे तिकडचे बोलावे, मग दुआ पढून झोपवावे. आणि मूल म्हणाले, आज नको, तर आज नको.

सध्या आम्ही अशा भागात आहोत जिथे असद कैदेत आहे, लौहचा पत्ता नाही आणि अफ्रासियाबची ताकद वाढतच चालली आहे. दादी म्हणतात, हे पुस्तक संपायच्या आधी मीच संपेन. फुफी सुरुवातीला दारातच बसायच्या, मशीन चालू ठेवायच्या. काल बहारच्या फौजेवर हल्ला झाला तेव्हा मशीन थांबले.

“मग?” त्यांनी विचारले. “पुढे काय झाले तिचे?”